तबकडीवरच्या भिंती

चाळींत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना पार्टिशन हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. खोली एकच असते, छप्परहि एकच असतें. परंतु मध्यें फळ्यांची एक भिंत उभी राहिली कीं अलीकडे बैठक आणि पलीकडे स्वयंपाकघर अशीं दोन दालनें होतात. श्रोतेहो, घरोघरीं आतां जो संगणक आला आहे त्याच्या हार्ड डिस्कवरहि अशींच पार्टिशनें घालण्याची चाल आहे. माहीतगार मनुष्य संगणक आणून जोडून देतो, पडद्यावर सी, डी, ई अशीं अक्षरें उमटतात, आणि घराला खिडक्या असाव्यात इतक्या सहजपणें घरांतील मंडळी त्यांचा स्वीकार करतात. या भिंती कोणीं घातल्या, केव्हां घातल्या आणि कोणत्या कारणास्तव घातल्या, असें विचारणारा क्वचित् भेटतो. तो प्रश्न विचारावयास हवा. कारण मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, जागेचे दस्तऐवज, आणि जीं माणसें आतां आपल्यांत नाहींत त्यांचे आवाज, हें सारें या भिंतींच्या भरंवशावर ठेविलेलें असतें.

या भिंतींचा इतिहास पाहूं जातां एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांपैकीं बहुतेक भिंती दूरदृष्टीनें घातलेल्या नाहींत. त्या अडचणीपायीं घालाव्या लागल्या. पुढें अडचण दूर झाली, भिंत तशीच राहिली, आणि मागाहून आलेल्यांनीं तिच्यामागें शहाणपण शोधून काढलें. कोणत्या भिंतीमागचें कारण अद्याप जिवंत आहे आणि कोणत्या भिंतीचें कारण केव्हांच संपलें आहे, हें ज्याला ठाऊक असेल त्यालाच आपल्या घरच्या तबकडीची वांटणी नीट करतां येईल.

अशी एक आरंभींची भिंत घरांत नव्हे, प्रयोगशाळेंत सांपडते. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे युनिक्स नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी प्रणाली, पीडीपी-११ या यंत्रावर घडवीत होते. तबकड्या लहान होत्या. म्हणून यंत्राचे स्वतःचे प्रोग्रॅम एका तबकडीवर आणि काम करणाऱ्या मंडळींचीं कागदपत्रें दुसरीवर, अशी व्यवस्था लाविली गेली. या दुसऱ्या जागेचें नांव यूएसआर. यूजर, म्हणजे वापरणारा, या शब्दाचें तें लघुरूप. पुढें पहिली तबकडी भरली आणि प्रोग्रॅमांचा लोंढा दुसरीवर शिरला. कालांतरानें कागदपत्रांनीं तेथून बिऱ्हाड हलविलें व होम नांवाची निराळी जागा गांठली. युनिक्सच्या वळणावर तयार झालेल्या लिनक्समध्यें आजहि यूएसआर आहे, त्यांत असंख्य प्रोग्रॅम आहेत. फक्त यूजर तेवढा तेथें राहत नाहीं. वेस पडून गेली तरी पेठेला तिचें नांव राहतें, त्यांतलाच हा प्रकार.

टेबलावरच्या संगणकाची कथा याहून पुढची. आयबीएम कंपनीनें १९८१ च्या ऑगस्टमध्यें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हां त्याला हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी घालण्याच्या खांचा तेवढ्या होत्या, आणि त्यांचीं नांवें ए आणि बी. १९८३ च्या मार्चमध्यें त्याच कंपनीचा एक्सटी आला. त्यांत १० मेगाबाईटची हार्ड डिस्क होती; ए आणि बी हीं अक्षरें आधींच दिलेलीं असल्यानें तिच्या वांट्याला सी आलें. आज फ्लॉपीची खांच असलेला संगणक शोधूनहि मिळावयाचा नाहीं, तरी विंडोजची पहिली जागा सीच आहे. त्या १० मेगाबाईटांचा हिशेब मास्तराला मोह पाडणारा आहे: ३०६ वर्तुळमार्ग, चार पृष्ठभाग, प्रत्येक वर्तुळावर सेक्टर नांवाचे १७ कप्पे, आणि प्रत्येक सेक्टरमध्यें ५१२ बाईट, म्हणजे ढोबळ मानानें ५१२ अक्षरें. गुणाकार करून पाहिला कीं १,०६,५३,६९६ बाईट होतात. हल्लींच्या मोबाईलनें काढलेलीं तीन-चार छायाचित्रें ठेविलीं तर ती तबकडी भरून जाईल.

या एक्सटीबरोबर डॉस २.० ही प्रणाली आली, तिच्याबरोबर एफडिस्क नांवाचा छोटा प्रोग्रॅम आला, आणि पार्टिशनांची नोंदवही जन्मास आली. ही वही तबकडीच्या अगदीं पहिल्या सेक्टरमध्यें असते. तिला एमबीआर म्हणतात. त्या सेक्टरच्या ५१२ बाईटांपैकीं पहिले ४४६ यंत्र सुरू करण्याच्या सूचनांसाठीं आणि शेवटचे दोन ओळखीच्या शिक्क्यासाठीं. मधल्या ६४ बाईटांत १६-१६ बाईटांच्या चार ओळी. प्रत्येक ओळींत एका विभागाची नोंद: हा विभाग कोणत्या प्रणालीचा, यंत्र सुरू होतांना याच्याकडे जावयाचें कीं नाहीं, तो कोठून सुरू होतो आणि किती सेक्टरांचा आहे. त्या पानावर चार ओळी आंखल्या गेल्या, आणि पुढें जवळजवळ तीस वर्षें जगानें त्या चार ओळींत संसार केला.

येथें एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण तो पुढें उपयोगी पडणार आहे. या चार ओळी एका मालकानें आपलें सामान चार खोल्यांत लावावें यासाठीं नव्हत्या. त्या काळीं डॉस, सीपी/एम-८६ अशा निरनिराळ्या प्रणाली एकमेकींशीं स्पर्धा करीत होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींना एकाच तबकडीवर भांडणतंटा न करतां नांदतां यावें, हा त्यांचा उद्देश होता. डॉस २.० ला तर चारांपैकीं आपली म्हणून एकच जागा वापरतां येत असे. भिंत होती ती दोन भाडेकरूंमधली. एकाच बिऱ्हाडाच्या बैठकीची आणि स्वयंपाकघराची नव्हे.

मग एकाच बिऱ्हाडांत भिंत आली केव्हां? ती आली १९८७ मध्यें, आणि तिचें कारण शाळेंतल्या हजेरीपटावरून चांगलें समजतें. हजेरीपटांत अनुक्रमांकाचा रकाना दोनच आंकड्यांचा आंखला असेल तर शंभरावा मुलगा वर्गांत बसला तरी पटावर चढत नाहीं. डॉसनें एका विभागांतील सेक्टर मोजण्यासाठीं ठेविलेला रकाना १६ द्विमान अंकांचा होता. त्यांत ६५,५३६ च्या पलीकडे मोजतां येत नव्हतें. त्याला ५१२ नें गुणिलें कीं ३,३५,५४,४३२ बाईट, म्हणजे ३२ मेगाबाईट. इकडे दुकानांत तर ४० मेगाबाईटच्या हार्ड डिस्का येऊं लागल्या होत्या. विकत घेतलेली आठ मेगाबाईट जागा टाकून कशी द्यावयाची? १९८७ च्या एप्रिलमध्यें आलेल्या डॉस ३.३ नें तोड काढली. नोंदवहींतील एका ओळींत 'पुढील नोंदी अमुक ठिकाणीं पाहाव्या' अशा अर्थाची खूण करावयाची, आणि तेथें पुढच्या नोंदींची सांखळी सुरू करावयाची. या जागेला एक्स्टेंडेड पार्टिशन असें नांव मिळालें. ४० मेगाबाईटच्या तबकडीवर आतां ३२ ची सी आणि उरलेल्या आठांची डी असे दोन भाग पडूं लागले. ज्या डीकडे आपण घराची तिजोरी म्हणून पाहतों तिचें घराणें हें असें आहे. ती उरलेल्या जागेची सोय होती.

त्याच १९८७ सालीं कॉम्पॅक कंपनीनें आपल्या डॉस ३.३१ मध्यें तो रकाना रुंद केला. १९८८ च्या डॉस ४.० नें तीच सुधारणा सर्वांसाठीं आणली, आणि १९९१ च्या डॉस ५.० पासून ती खऱ्या अर्थानें रुळली. ३२ मेगाबाईटची भिंत अशी चार वर्षांत निकामी झाली. परंतु तोंपर्यंत दुसरी अडचण दारांत उभी होती, आणि ती मला सर्वांत मनोरंजक वाटते; कारण या एका प्रसंगीं भिंत घालणारा मनुष्य खरोखर काटकसरी होता.

डॉस आणि आरंभींच्या विंडोजमध्यें कोणता मजकूर तबकडीवर कोठें आहे याची खातेवही फॅट या नांवानें ठेविली जाई. तिच्यांत सुमारें ६५ हजारच खातीं मावत. म्हणून तबकडी मोठी झाली कीं खातीं वाढविण्याऐवजीं प्रत्येक खात्याची जागा वाढवावी लागे. या जागेला क्लस्टर म्हणतात. २५६ ते ५१२ मेगाबाईटच्या विभागांत एक क्लस्टर ८ किलोबाईटचा असे. विभाग एक गिगाबाईटच्या वर गेला कीं तो ३२ किलोबाईटचा होई. एका क्लस्टरमध्यें दोन फायली ठेवतां येत नाहींत. एका ओळीची चिठ्ठी लिहून ठेविली तरी ३२ किलोबाईट अडलेच. पोस्टकार्डासाठीं अख्खी गोण द्यावी तसें. आतां हिशेब करा. प्रत्येक फाईलचा शेवटचा क्लस्टर सरासरीनें अर्धा रिकामा राहतो असें धरलें, आणि तबकडीवर १०,००० फायली आहेत असें मानलें, तर ३२ किलोबाईटच्या क्लस्टरमध्यें १६० मेगाबाईट जागा फुकट गेली. ८ किलोबाईटच्या क्लस्टरमध्यें ती ४० वरच थांबते. ज्या काळीं सबंध तबकडीच दोन गिगाबाईटची, त्या काळीं १२० मेगाबाईट वांचविणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. शिवाय दोन गिगाबाईटच्या वर एक विभाग करतांच येत नव्हता, म्हणजे चार गिगाबाईटची तबकडी घेणाराला निदान दोन खोल्या करणें भागच होतें. सी, डी, ई, एफ अशी पंगत पडद्यावर दिसूं लागली ती यामुळें.

१९९६ च्या ऑगस्टमध्यें विंडोज ९५ च्या सुधारून काढलेल्या आवृत्तींत फॅट ३२ ही नवी खातेवही आली. तिच्यांत आठ गिगाबाईटपर्यंतच्या विभागाला ४ किलोबाईटचेच क्लस्टर पुरत. विंडोज एनटीसाठीं १९९३ मध्येंच एनटीएफएस ही याहून सुधारलेली पद्धति तयार झाली होती. ती २००१ च्या विंडोज एक्सपीमधून घराघरांत पोंचली. काटकसरीचें कारण येथें संपलें. वांटणी मात्र चालूच राहिली.

याच सुमारास आणखी कांहीं मर्यादा आल्या आणि गेल्या. संगणकांतील बायॉस नांवाची मूळ व्यवस्था आणि हार्ड डिस्क यांचे आपापले हजेरीपट निराळे होते. प्रत्येकाचा एक रकाना रुंद तर दुसरा अरुंद. दोघांचें जमवून घ्यावयाचें म्हणजे प्रत्येक बाबतींत ज्याचा रकाना अरुंद त्याचेंच ऐकावें लागे, आणि १,०२४ वर्तुळमार्ग, १६ पृष्ठभाग व ६३ सेक्टर एवढाच पट उरे. त्याचे ५२,८४,८२,३०४ बाईट होतात. पुढें ही मर्यादा ८.४ गिगाबाईटवर आणि मग १३७ गिगाबाईटवर सरकली. या सर्वांचा तपशील सांगत बसत नाहीं. त्यांतून लिनक्सवाल्यांत एक रूढि पडली ती तेवढी सांगतों. लिनक्स सुरू करून देणारा लिलो हा प्रोग्रॅम जुन्या बायॉसवर अवलंबून असल्यानें त्याला १,०२४ व्या वर्तुळापलीकडचें कांहीं दिसत नसे. म्हणून तबकडीच्या आरंभींच बूट नांवाचा एक लहानसा विभाग करून यंत्र सुरू करण्याचें साहित्य तेथें ठेवीत. ती मर्यादा गेली. तरी 'बूट निराळें ठेवा' हा उपदेश पुढें वर्षानुवर्षें, कारण न सांगतां, केला जात होता.

आतां आपल्याकडे वळूं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, संगणकाच्या सुट्या भागांसाठीं प्रसिद्ध आहे. कंपनीचा तयार संगणक परवडत नसे अशा कितीतरी मध्यम स्थितींतल्या घरांनीं अशा बाजारांतून सुटे भाग जुळवून घेतलेला संगणक आणला. जुळविणारा कारागीर तबकडीचे तीन किंवा चार भाग करून देई आणि जातांना बजावी: सीमध्यें विंडोज आहे, तिला हात लावूं नका, तुमचें सामान डीमध्यें ठेवा. या उपदेशांत अर्थ होता. विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळीं विषाणू शिरणें, यंत्र मंदावणें, आणि शेवटीं सी पुसून विंडोज नव्यानें बसविणें हा घरोघरचा अनुभव होता. तेव्हां डीमधील छायाचित्रें वांचत. ही सोय खोटी होती असें कोणींहि म्हणूं नये.

परंतु तिच्या दोन उणिवा कोणीं सांगितल्या नाहींत. पहिली अशी कीं, घरचीं माणसें सामान डीमध्यें ठेवीत नसत. तें जेथें आपोआप पडतें तेथेंच पडत असे. आणि विंडोज आपला डेस्कटॉप व माय डॉक्युमेंट्स हीं दोन्ही ठिकाणें, मुद्दाम न हलविल्यास, सीमध्येंच ठेविते. समोर पडद्यावर दिसणारी फाईल ही सीमध्यें आहे, हें आजीला काय, आजीच्या नातवालाहि उमगत नसे. कारागीर विचारी, "सी पुसूं ना? सामान डीमध्यें आहे ना?" घरचे म्हणत, "हो." आणि तिकडे सबंध लग्नसोहळा पुसला जाई.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. सी आणि डी या एकाच तबकडीच्या दोन खोल्या आहेत. तबकडी फिरविणारी मोटार एक, मजकूर वाचणारे काटे एकाच दांड्यावर बसविलेले, वीज पुरविणारी पट्टी एक. मोटार बंद पडली तर सी गेली आणि डी राहिली असें होत नाहीं. फळ्यांचें पार्टिशन पलीकडच्या खोलींतला आवाज अडवितें. आग अडवीत नाहीं. चोर संगणक उचलून नेतो तेव्हां सर्वच अक्षरें घेऊन जातो. आणि २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें जगभरच्या विंडोज संगणकांतील मजकुराला कुलपें ठोकलीं, तेव्हां तो सी संपल्यावर डीच्या उंबरठ्यावर अदबीनें थांबला नाहीं. ज्यांची दुसरी प्रत निराळ्या तबकडीवर आणि तीहि संगणकापासून सोडवून ठेविलेली होती, त्यांना ती उपयोगी पडली. माझ्या परिचयाचे अनेक सुशिक्षित गृहस्थ सीमधील फाईल डीमध्यें उतरवून "प्रत काढून ठेविली आहे" असें समाधानानें सांगतात. त्यांनीं प्रत काढलेली नसते. एकाच पेटींत कागदाच्या दोन नकला ठेविलेल्या असतात.

शिवाय भिंत कोठें घालावी याचा अंदाज क्वचितच बरोबर येतो. एक्सपीला दीड गिगाबाईट जागा पुरे असे तिच्या जाहीर आवश्यकतेंत म्हटलें होतें. २०२१ मध्यें आलेल्या विंडोज ११ ला निदान ६४ गिगाबाईट हवे असतात. त्यामुळें सीची पट्टी लाल झालेली आणि शेजारची ई ओस पडलेली, हें दृश्य अनेकांनीं पाहिलें असेल. एफडिस्कच्या काळीं भिंत हलवावयाची म्हणजे घर पाडून पुन्हां बांधणें. आंतील सामान नाहींसें होई. १९९० नंतरच्या दशकांत पार्टिशनमॅजिक नांवाच्या प्रोग्रॅमनें सामान न हलवितां भिंत सरकविण्याची विद्या आणली, आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्यें विभाग आक्रसण्याची सोय आली. वाढविण्याची सोय मात्र आजहि अट घालते: मोकळी जागा त्या विभागाला लागून, त्याच्या पुढच्याच बाजूस हवी. मध्यें दुसरें बिऱ्हाड असेल तर पलीकडची जागा मोकळी असूनहि उपयोग नाहीं. याचा मोठा दाखला २०२४ च्या जानेवारींत मिळाला. विंडोजची दुरुस्ती करण्याचें साहित्य एका लहान स्वतंत्र विभागांत असतें; त्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें एक सुधारणा पाठविली. कित्येक संगणकांत तो विभाग इतका तोकडा निघाला कीं सुधारणा बसेना, आणि तो २५० मेगाबाईटांनीं वाढवून घ्यावा अशा सूचना कंपनीला प्रसिद्ध कराव्या लागल्या. त्या सूचना म्हणजे काळ्या पडद्यावर एकामागून एक आज्ञा लिहिणें. ज्या गृहिणीला फक्त वीजबिल भरावयाचें आहे तिनें त्या वाचून काय करावें?

एमबीआरच्या त्या चार ओळींच्या वहीचा शेवट कसा झाला तें सांगावयाचें राहिलें. वही एकच, तिची दुसरी प्रत नाहीं, आणि लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं हें ताडून पाहण्याची सोय नाहीं. पहिला सेक्टर बिघडला कीं भरलेली तबकडी रिकामी दिसूं लागे. १९९२ च्या ६ मार्चला ज्याची जगभर धास्ती घेतली गेली तो मायकेलअँजेलो विषाणू याच सेक्टरमध्यें दडून बसत असे. तथापि वही बदलावी लागली ती या दोषापायीं नव्हे. तेथेंहि आडवा आला तो रकानाच. विभागाची सुरुवात आणि लांबी लिहिण्याचे तिचे रकाने ३२ द्विमान अंकांचे. ५१२ बाईटच्या सेक्टरनें मोजल्यास तिला २.२ टेराबाईटच्या पलीकडे मोजतां येत नाहीं. १९८३ मध्यें कोणाला याची चिंता असणार? २०१० मध्यें ३ टेराबाईटच्या हार्ड डिस्का बाजारांत आल्या आणि चिंता घरांत आली.

सुदैवानें या वेळीं उपाय अडचणीच्या आधीं तयार होता. इंटेल कंपनीनें १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बायॉसची जागा घेणारी नवी व्यवस्था आंखली. २००५ पासून ती यूईएफआय या नांवानें अनेक कंपन्यांनीं मिळून चालविली. तिच्याबरोबर जीपीटी ही नवी नोंदवही आली. हिच्यांत सर्वसाधारणपणें १२८ ओळी असतात, एकेक ओळ १२८ बाईटची, रकाने ६४ द्विमान अंकांचे. वहीची दुसरी प्रत तबकडीच्या अगदीं शेवटीं ठेविलेली असते, आणि मजकूर बिघडला आहे कीं नाहीं हें पडताळणारा आंकडाहि सोबत असतो. अॅपलनें इंटेलच्या चकत्यांवर चालणाऱ्या आपल्या संगणकांसाठीं २००६ पासून ती वापरली. विंडोजच्या जगांत २०१२ च्या विंडोज ८ नंतर ती सार्वत्रिक झाली. इतक्या वर्षांत ही एक गोष्ट अशी दिसते कीं जी अडचण गळ्याशीं येण्यापूर्वीं विचार करून केली गेली.

तेव्हां आज घरीं नवा संगणक आला तर वांटणी कशी करावी? जीपीटीच निवडावी, फार जुनें यंत्र असेल तरच एमबीआर. विंडोज स्वतःसाठीं दोन-तीन लहान विभाग करून घेते, त्यांतल्या एकांत यंत्र सुरू करण्याचें साहित्य असतें. तीं अनोळखी बिऱ्हाडें पाहून, जागा वांचेल म्हणून, तीं काढून टाकूं नयेत. उरलेली सर्व जागा सीलाच द्यावी असें माझें स्पष्ट मत आहे. हल्लीं बहुतेक संगणकांत फिरणारी तबकडी जाऊन एसएसडी आली आहे. तिच्यावर आपण कागदावर आंखलेली सी-डीची हद्द प्रत्यक्ष साठवणींत कोठेंच नसते, मजकूर ती आपल्या सोयीनें सर्वत्र पसरते. डी हवी असेल तर ती दुसऱ्या तबकडीच्या रूपानें घ्यावी, आठवड्यांतून एकदां जोडावी, नकला उतरवाव्या आणि काढून कपाटांत ठेवावी.

दोन ठिकाणीं मात्र जुनी भिंत अजून उपयोगाची आहे. विंडोजशेजारीं लिनक्सहि हवें असेल तर दोघांना निरनिराळे विभाग द्यावेच लागतात. १९८३ चें मूळ कारण येथें अजून जिवंत आहे. आणि लिनक्स वापरणाऱ्यानें होम निराळें ठेविलें, तर मूळ प्रणाली पुसून दुसरी बसवितांना कागदपत्रांना धक्का लागत नाहीं. लिनक्समध्यें घरच्या माणसाचें सामान खरोखरच होममध्यें पडत असल्यानें विंडोजमधील पहिली उणीव तेथें नाहीं. स्वॅप नांवाचा जो विभाग पूर्वीं आग्रहानें करीत, त्याचें काम आतां साध्या फाईलनें भागतें. उबुंटूनें २०१७ पासून तीच रीत स्वीकारली आहे.

यापुढची पायरी म्हणजे खोल्या ठेवूनहि जागेची वांटणी न करणें. सन कंपनीच्या झेडएफएस पद्धतींत २००५ पासून हें दिसलें. अॅपलच्या २०१७ च्या एपीएफएसमध्यें एकाच जागेंतील अनेक विभाग मोकळी जागा सामाईक वापरतात, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून फेडोरा लिनक्सच्या टेबलावरच्या आवृत्तींत बीटीआरएफएस हीच तऱ्हा नेहमीची झाली आहे. एकत्र कुटुंबांत कोठार एक आणि खोल्या निराळ्या असाव्यात तसें हें आहे. सीची जागा संपली आणि ईची उरली, असा प्रसंगच तेथें येत नाहीं.

आणि जुन्या वहीचें काय झालें म्हणाल, तर ती अजून आपल्या जागीं आहे. जीपीटीनें आंखलेल्या आजच्या कोणत्याहि नव्या तबकडीचा पहिला सेक्टर उघडून पाहिला तर तेथें १९८३ च्याच त्या चार ओळी सांपडतात. पहिल्या ओळींत ईई असा सांकेतिक अंक असतो, उरलेल्या तीन कोऱ्या असतात. जुना एखादा प्रोग्रॅम चुकून आलाच, तर त्याला तबकडी रिकामी आहे असें वाटून त्यानें ती पुसूं नये, म्हणून त्याला समजेल अशा भाषेंत तेथें लिहिलेलें असतें कीं सगळी जागा भरलेली आहे.